पऱ्हाटीच्या नावावरचा शेरा

रऊफभाई इतकी वर्षं मोबाइलमध्ये डोकं घालून काय करत होते, असं कोणी माझ्या बायकोला विचारलं तर ती सांगते, "मोबाइलात एक गाव होतं. त्याची पाटीलकी होती ह्यायच्याकडे. गाव उठलं, पाटील उरला." घरात आम्ही हिंदी-उर्दू बोलतो, पण टोमणा मारायचा असला की नसीम वऱ्हाडीवर येते.

संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' असं कळवलं, तेव्हा त्यांना बहुधा माझं छपाईचं दुकान अभिप्रेत असावं. अमरावतीत तीस वर्षं मी लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, संस्थांचे अहवाल आणि दुसऱ्यांचे दिवाळी अंक अक्षर अक्षर लावून जुळवले. दुसऱ्यांची वाक्यं जुळवता जुळवता डोळे गेले, पण वाक्यं लक्षात राहायची खोड लागली. त्यावरही लिहिता येईल. पण माझा जीव अडकला आहे तो नसीम म्हणते त्या उठलेल्या गावात, आणि तिथं मी एका बाईच्या नावापुढं लिहिलेल्या एका शब्दात.

ब्लॉकचेन हा शब्द ऐकूनच ज्यांना जांभई येते, त्यांच्यासाठी सरळ सांगतो. समजा, गावाची वही चावडीत एकटी न ठेवता घरोघर तिची एकेक प्रत ठेवली. एका घरात काही लिहिलं की ते सगळ्या घरांतल्या वह्यांत उमटतं. मग ते खोडणार कसं? एका घरातली वही जाळली तरी बाकीच्या असतातच. या तंत्रावर परदेशातल्या काही लोकांनी लिहिण्या-वाचण्याचा एक मंच काढला होता. दिसायला नेहमीच्या समाजमाध्यमांसारखाच. लिहा, फोटो टाका, लोक मत देतील, मतांच्या बदल्यात थोडं आभासी नाणं पदरात पडेल. मालक कोणी नाही, त्यामुळे तक्रार ऐकणाराही कोणी नाही. लिहिलेलं दुरुस्त करता यायचं, पण आधी काय लिहिलं होतं तेही दिसायचं. पुसता मात्र काहीच यायचं नाही. सुरुवातीला आम्हाला याच गोष्टीचं फार कौतुक होतं.

त्या मंचावर अमरावती-अकोल्याच्या आम्ही पाचसहा जणांनी 'वऱ्हाडी पार' नावाची मंडळी जमवली. एसटीचे कंडक्टर आले, नोकरी न लागलेले बीएड आले, दुपारी हात मोकळे झालेल्या बाया आल्या. बहुतेक जण नाण्यासाठीच आले होते, हे कबूल करायला हरकत नाही. मत देणं-घेणं हे लग्नातल्या आहेरासारखं चालायचं. आपल्या कवितेवर अमक्यानं मत दिलं नाही, तर त्याच्या पुढच्या लेखावर आपणही नाही. पण नाणं घसरू लागल्यावरही काही जण लिहीतच राहिले, कारण त्यांना तोपर्यंत कोणी वाचलंच नव्हतं. ते लोक खरे. त्यांच्यासाठी मी तिथं बसायचो.

राखणदारी आम्हा तिघाचौघांकडे होती, त्यातला मुख्य मी. नियम एकच, लिखाण स्वतःचं पाहिजे. इंग्रजीतली चोरी यंत्र पकडायचं, पण त्या यंत्राला मराठी येत नव्हतं आणि वऱ्हाडी तर बिलकुलच नाही. म्हणून मी. आलेला प्रत्येक मजकूर वाचायचा आणि आधी कुठं वाचल्यासारखा वाटला तर शोधून काढायचा. माहितीच्या पानांवरून उचललेलं मी दोन ओळींत ओळखायचो. जुन्या मासिकातली कथा नाव बदलून टाकणाऱ्या एका प्राध्यापकांना मी मूळ मासिकाचं पानच दाखवलं होतं. ते जुळवलं होतं माझ्याच दुकानात. त्या दिवशी मला किती बरं वाटलं होतं, ते आता सांगायची लाज वाटते.

नव्या माणसाची ओळख पटवायची आमची एक रीत होती. एका कागदावर मंचावरचं नाव आणि तारीख हातानं लिहायची, तो कागद छातीशी धरून फोटो काढायचा आणि राखणदाराला खाजगीत पाठवायचा. एकाच माणसानं दहा नावांनी येऊन आपल्यालाच मतं देऊ नयेत, एवढ्यासाठी. चांगलेचुंगले लोक त्या फोटोत पोलीस ठाण्यातल्यासारखे दिसायचे. बायांना आम्ही सांगायचो की हा फोटो रऊफभाईशिवाय कोणी पाहणार नाही, आणि पुढं एकदा सोडलं तर खरंच कोणी पाहिला नाही. ते सगळे फोटो अजून माझ्या संगणकात आहेत.

परतवाड्याचे गजाननभाऊ आमच्यातले मोठे मजेशीर गृहस्थ. त्यांची लाकडाची वखार होती आणि मेळघाटातल्या झाडांवर ते फार सुरेख लिहायचे. या मंचावर प्रत्येकाला एक लांबलचक किल्ली मिळायची, पन्नासेक अक्षरांची, अर्थ काही नसलेली. ती हरवली की संपलं. नवी देणारा कोणी नाही, कारण मालकच नाही. मी सगळ्यांना बजावायचो की किल्ली कागदावर लिहून ठेवा. भाऊंच्या घरात वाळवी, म्हणून त्यांचा कागदावर विश्वास नव्हता. त्यांनी किल्ली कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिली. पुढं मुलीचं लग्न निघालं, घराला रंग काढला आणि रंगाऱ्यानं दाराला आतूनबाहेरून हिरवा हात मारला. भाऊंचा फोन आला, "रऊफभाई, दरवाजा खरडून पाहू काय?" आम्ही दोघांनी मिळून एक अख्खी दुपार दार घासलं. दाराचं लाकूड लागलं, पण किल्ली काही लागली नाही.

ही गोष्ट मी हसवायला सांगत आलो आहे, पण तिची पुढली बाजू सहसा सांगत नाही. भाऊ नव्या नावानं परत आले आणि 'मी तोच गजानन' असं त्यांनी लिहिलं. मी त्यांच्याकडे जेवलो होतो, हिरवा रंग माझ्याही नखांत होता. तरी मी त्यांच्या लेखाखाली लिहिलं, 'जुन्या खात्याच्या किल्लीनं पुरावा द्यावा, अन्यथा जुनं लिखाण आपलं समजू नये.' नियम तसा होता. भाऊंनी झाडांवर लिहिणं हळूहळू थांबवलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की माझ्यात काहीतरी बिघडत चाललं आहे.

आता त्या शब्दाकडे येतो.

पारावर 'अंबाडी' या नावानं एक बाई लिहायच्या. दर्यापूरच्या नलिनीताई. ब्लाउज शिवायचं काम करायच्या आणि मधल्या वेळात मोबाइलवर लिहायच्या. फारसं लिहिलं नव्हतं त्यांनी. त्यातला एक लेख त्यांच्या आईवर होता. आई अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला होती, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात. संध्याकाळी घरी आली की मुली तिच्या केसांतली रुई वेचायच्या आणि ती कारखान्यातल्या गोष्टी सांगायची. त्यातली एक गोष्ट तिच्याबरोबर काम करणाऱ्या चंद्रभागेची होती. रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, चंद्रभागेची दोन बोटं गेली. यंत्र थांबवलं, तिला बाहेर पायरीवर बसवलं, हाताला फडकं बांधलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. गोष्टीचा शेवट असा होता: 'रुई गाठीत गेली, सरकी घाण्यात गेली, बाई घरी गेली.'

हे वाक्य मी विसरणं शक्य नव्हतं. दुकानात मी ते माझ्या कारागिराला वाचून दाखवलं होतं.

पुढं वर्षभरानं 'पऱ्हाटी', म्हणजे कपाशी, या नावाच्या एक बाई पारावर आल्या. तेल्हाऱ्याच्या विमलताई. त्यांच्या मुलाचं कृषी केंद्र आहे, त्यानंच खातं उघडून दिलं होतं. त्या भराभर लिहायच्या. जिनिंगमधल्या बाया, भोंगा, मुकादम, पगाराच्या दिवशी दाराशी उभा राहणारा चिवडेवाला. लोकांना आवडू लागलं होतं, मलाही. आणि एक दिवस त्यांच्या लेखात चंद्रभागा आली. पायरी आली, फडकं आलं, यंत्र पुन्हा सुरू झालं आणि शेवटी तेच वाक्य आलं. शब्दाला शब्द.

आमच्या नियमाप्रमाणे मी आधी नलिनीताईंना खाजगीत त्या लेखाचा दुवा पाठवून विचारलं, हा मजकूर तुमच्यावरून घेतलेला दिसतो, मूळ तुमचंच ना? त्यांचं एका शब्दात उत्तर आलं, 'हो.'

मग मी विमलताईंच्या लेखाखाली सर्वांसमोर नलिनीताईंच्या लेखाचा दुवा दिला आणि खुलासा मागितला. त्यांनी एकच ओळ लिहिली, 'हे माह्या मायचे शब्द आहेत.'

चोरी पकडणाऱ्याला हे उत्तर नवं नसतं. ज्याला त्याला आजीनं सांगितलेलं असतं, आईनं सांगितलेलं असतं. मी लाल अक्षरांत 'नक्कल' असा शेरा मारला आणि त्याच्याखाली लिहिलं, 'आई सर्वांनाच असते. मजकूर मात्र एकाचाच असतो.' माझ्यासोबतच्या राखणदारांनी विरुद्ध मतं दिली, विमलताईंची मंचावरची पत, म्हणजे मतांवरून ठरणारा आकडा, तळाला गेली. पत तळाला गेली की लिखाण फिकट होऊन सगळ्यांच्या खाली जायचं. वाचायचंच असेल तर 'तरीही दाखवा' असं एक बटण दाबावं लागायचं. ते कोणी दाबत नाही. माझ्या त्या दोन वाक्यांना मात्र लोकांनी खूप मतं दिली. तितकी मतं मला आधी कधी मिळाली नव्हती आणि नंतरही नाहीत.

विमलताईंनी पुन्हा काही लिहिलं नाही. पकडला गेलेला चोर गप्पच बसतो, असं मी धरून चाललो. महिन्याभरात नलिनीताईही थांबल्या, त्याचं मला आश्चर्य वाटलं, पण मी विचारलं नाही. चौकशी करण्याची सवय मला फक्त मजकुराची होती, माणसांची नव्हती.

त्यानंतर पार ओसरत गेला. नाणं पडलं, आहेरवाले निघून गेले, राखणदारांतले दोघं पुण्याला लेकांकडे गेले. मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी पार उघडायचो, कोणी काही लिहिलं आहे का पाहायचो आणि कोणी नसलं की कालचंच पुन्हा वाचायचो. रिकाम्या वर्गावर हजेरी घेणाऱ्या मास्तरसारखं झालं होतं माझं.

गेल्या थंडीत एक दिवस एक बाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी, गळ्यात शिवणकामाची फीत तशीच राहिलेली. मला वाटलं लग्नपत्रिका असेल. त्या म्हणाल्या, "मी अंबाडी." मी खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा आला तरी त्यांनी हात लावला नाही. पऱ्हाटीच्या नावापुढचा तो शेरा पुसा, एवढंच त्या दोनतीनदा म्हणाल्या.

मी विचारलं, काहून?

"थे माही मोठी बहीण होय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आई शेवटची काही वर्षं विमलताईंकडे तेल्हाऱ्याला होती. आई गेली तेव्हा नलिनीताईंना वेळेवर निरोप मिळाला नाही. मिळालं ते तेरवीचं बोलावणं. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. आपली बहीणही त्याच मंचावर दुसऱ्या नावानं आली आहे, हे त्यांना मी दुवा पाठवला तेव्हाच कळलं. ते वाक्य जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. माझी ती विचारणा आली तेव्हा त्या शिलाई मशीनवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मले वाटलं, मायचं मरण हिनं एकटीनं घेतलं, आता गोष्टी बी घेऊन राहिली. म्हणून 'हो' लिवलं. एका शब्दाचं काम होतं."

आता का आलात, हे मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. भाच्याकडून कळलं होतं, विमलताईंना काचबिंदू झाला आहे. एक डोळा गेला, दुसऱ्यानं उजेड तेवढा कळतो. शेरा पुसला गेला, एवढं तरी त्यांच्या कानावर घालावं, अशी नलिनीताईंची इच्छा होती.

मी त्यांना घरोघरच्या वह्यांचं सांगितलं. शेरा बदलता येईल, पण जुना दिसत राहील. विरुद्ध दिलेलं मत सात दिवसांनंतर मागं घेता येत नाही. पत तळाला आहे ती तळालाच राहणार. हे सगळं मी शेकडो नव्या लोकांना मोठ्या अभिमानानं समजावलं होतं. त्यांनी थंड झालेला चहा बाजूला सारला.

"पुसता येत नाही, तं मंग तुमी तिथं कायले बसले होते?"

त्यांचं 'हो' मंचाबाहेरच्या खाजगी निरोपात होतं, ते केव्हाच पुसलं गेलं होतं. कायमचा राहिला तो माझा शब्द.

त्या गेल्यावर मी संगणकातले ओळखीचे फोटो काढले. अंबाडी आणि पऱ्हाटी शेजारी शेजारी ठेवले. रुंद कपाळ तेच. हनुवटी खाली आणि नजर वर, तशीच. कागद धरायची पद्धतसुद्धा एक, दोन्ही हातांनी, घट्ट, जणू कोणी हिसकावून घेईल. पारावरच्या लोकांत हे दोन्ही चेहरे फक्त मी एकट्यानं पाहिले होते. नसीमला बोलावून दाखवले. ती चष्मा न लावताच म्हणाली, बहनें हैं. मला मजकूर जुळलेला दिसला होता आणि चेहरे दिसले नव्हते. तीस वर्षांच्या माझ्या नजरेची ही किंमत.

जे करता येण्यासारखं होतं ते केलं. त्या लेखाखाली मी लिहिलं की मी चुकलो, हे लिखाण विमलताईंचं आणि त्यांच्या आईचं आहे, मी पुरेशी चौकशी केली नाही. नलिनीताईंनी आपली किल्ली मशीनच्या खणात जपून ठेवली होती, त्यांनीही एक ओळ घातली, 'हे आमच्या मायचं आहे, दोघींचं.' पण वाचायला पारावर कोणी उरलं नव्हतं, आणि जिच्यासाठी लिहिलं तिला दिसत नव्हतं. नलिनीताई फोनवर म्हणाल्या, मग तुम्हीच चला आणि तिला वाचून दाखवा.

अमरावतीहून मी, दर्यापूरहून त्या, असे आम्ही अकोल्याच्या स्टँडवर भेटलो आणि तेल्हाऱ्याची बस धरली. बसमध्ये त्यांनी एकदाच विचारलं, तिनं दारातूनच परत पाठवलं तर परतीची बस किती वाजता आहे.

विमलताई ओसरीत बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होत्या. बोटांना सवय होती, नजरेची गरज लागत नव्हती. आम्ही येणार हे मुलानं सांगून ठेवलं होतं. त्यांनी मला, "बसा भाऊ," म्हटलं. बहिणीला काही म्हटलं नाही. नलिनीताई थोडा वेळ उभ्याच राहिल्या, मग खाली बसल्या आणि त्याच सुपातल्या शेंगा घेऊन सोलू लागल्या. त्यांना कोणी थांबवलं नाही.

मी मोबाइल काढला आणि माफी वाचली. अशी माफी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं वाचत होतो. वाचून झाल्यावर विमलताईंनी विचारलं, संपलं का. मी हो म्हटलं.

"चांगलं लिवता भाऊ तुमी. तवाबी चांगलंच लिवलं होतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सांगितलं की माझी ती दोन वाक्यं मुलानं त्यांना दाखवली होती, तेव्हा दिसत होतं. शेजारच्या बायांनीही पाहिली होती, कारण मुलानं खातं उघडल्याचं त्यांनीच कौतुकानं सगळ्यांना सांगितलं होतं. त्यानंतर भजनाला बसल्या की कोणीतरी हळूच विचारायचं, काय बाई, बंद केलं का लिवणं.

नलिनीताईंचे हात थांबले. "ताई, ह्यायनं मले इचारलं होतं. म्या 'हो' म्हनलं. चोरी तुही नव्हती."

"माईत हाये मले," विमलताई म्हणाल्या. "तुह्याशिवाय कोन म्हननार होतं?"

दोघी पुन्हा शेंगा सोलू लागल्या. मी बहिणीबहिणींच्या मधे बसलेला परका माणूस, उठावं की बसावं कळेना. अशा वेळी माणसानं गप्प राहावं. पण माझ्यातल्या राखणदारानं तोंड उघडलंच. मी म्हटलं, विमलताई, तुमच्याजवळ आईच्या आणखी गोष्टी असतील. तुम्ही सांगा, मी टाइप करतो. हवं तर अमरावतीहून दर आठवड्याला येतो. तुमच्या नावानं नीट पुस्तक जुळवून देतो, माझ्याच दुकानात.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या की त्या वेळेला रोज एक गोष्ट आठवायची, जेवण टाकून त्या लिहायच्या. आता त्या गोष्टी तळाशी बसल्या. हलवायची इच्छा नाही आणि हलवल्या तरी गढूळच वर येतील. किती होत्या, असं मी विचारलं. त्यांनी तेही सांगितलं नाही.

नलिनीताई सुपाकडे पाहत, कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "रुई गाठीत गेली, सरकी घाण्यात गेली, बाई घरी गेली."

विमलताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तिथं संपत नोती थे."

"मंग?"

"तू लहान होती. तिथपर्यंत झोपून जायची. तू झोपली का मंग माय आनखी एक ओळ म्हने."

मी पुढं सरकलो. खोटं कशाला सांगू, हात खिशातल्या पेनाकडे गेला होता. विमलताईंना दिसत नाही, पण कापडाची सळसळ ऐकू येते. त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं.

"भाऊ, तुमी जरा रस्त्यावरून चक्कर मारून या."

मी उठलो. फाटक लावून घेतलं आणि त्यांच्या मुलाच्या दुकानापर्यंत गेलो. त्यानं स्टूल दिलं, फवारणीच्या पंपांच्या किमती सांगितल्या, मी ऐकल्यासारखं केलं. परत आलो तेव्हा सूप रिकामं होतं, दाणे एका भगुल्यात होते आणि दोघी शेजारी बसल्या होत्या. नलिनीताईंचा पदर ओला होता. विमलताईंचा चेहरा आधी होता तसाच. पुन्हा ये, असं त्या म्हणाल्या नाहीत. भगुल्यातले ओंजळभर दाणे कागदात बांधून बहिणीच्या पिशवीत घातले, एवढंच.

परतीच्या बसमध्ये मी काही विचारलं नाही. अकोल्याच्या स्टँडवर दर्यापूरच्या गाडीत चढताना नलिनीताई स्वतःच म्हणाल्या, "सांगतलं तिनं. लिवू नको म्हनली." गाडी निघाली, मी अमरावतीच्या गाडीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

आता विमलताईंचा दुसरा डोळाही गेला, असं कळतं. नलिनीताई मधूनमधून तेल्हाऱ्याला जातात की नाही, ते मी विचारत नाही. दुकान मी पुतण्याकडे सोपवलं आहे. तो लग्नपत्रिका मोबाइलवरच करतो आणि मोबाइलवरच पाठवतो. परतवाड्याला एकदा जाऊन गजाननभाऊंना भेटायचं आहे. जाईन जाईन म्हणतो, पण तोंड कोणतं घेऊन जायचं ते ठरत नाही.

पार अजून आहे. मालक नसल्यामुळे तो बंद करणाराही कोणी नाही. सकाळी चहा झाला की मी तो उघडतो, पऱ्हाटीच्या नावावर जातो, 'तरीही दाखवा' हे बटण दाबतो. फिकट अक्षरं ठळक होतात. चंद्रभागा पायरीवर बसते, हाताला फडकं बांधतात, यंत्र पुन्हा सुरू होतं. रुई गाठीत जाते, सरकी घाण्यात जाते, बाई घरी जाते. तिथं विमलताईंचं लिखाण संपतं, आणि त्याच्यापुढं माझं वाक्य लागतं, 'आई सर्वांनाच असते.'